पानगळीचा पंचनामा

नव्या घरात येऊन महिना झाला तरी मोजणीदाराच्या बायकोने एकही खोकं उघडलं नव्हतं. कप खोक्यात, म्हणून चहा भांड्यातून. सकाळी तिने सांगून टाकलं, "या वस्तीत बघण्यासारखं काही असेल तर दाखवा. नाहीतर मी उद्या भावाकडे चालले. खोकी बांधलेलीच आहेत."

ती बोलली की बोलली. मोजणीदाराने कॅमेरा गळ्यात अडकवला. बाहेर पानगळ ऐन रंगात होती. गल्लीभर पिवळ्या-तांबड्या पानांचा सडा. दहा फोटो तिच्यापुढे टाकायचे की विषय संपला, असा त्याचा बेत.

पण तीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. फोटोआधी तो वस्तूशेजारी टेप सोडायचा, लांबी-रुंदी वहीत टिपायचा, मगच बटण दाबायचा. नातीच्या वाढदिवसाच्या फोटोतही केकशेजारी टेप आहे.

शिंप्याच्या पायरीवर पानांचा देखणा ढीग साचला होता. मोजणीदाराने टेप लावून लिहिलं, 'पायरी, चार फूट दोन इंच.' ती पायरी रस्त्यात दोन फूट घुसली आहे, हे शिंप्याइतकं कुणाला ठाऊक असणार? निदान कचऱ्याचा ठपका तरी नको म्हणून तो मशीन सोडून धावत आला आणि मोजणीदार कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत पायरी लख्ख, पानं पोत्यात.

"अहो, राहू द्या ना पानं."

"राहू द्या म्हणायचं आणि मागून नोटीस धाडायची," शिंपी म्हणाला. "आम्हाला काय नवीन आहे का, साहेब?"

मग फोन फिरले, साहेब मोजत फिरतोय. मोजणीदार ज्या गल्लीत वळावा, तिथे त्याच्या आधी खराटे पोचलेले. वर्षभर गटारं तुंबली तरी जी माणसं खिडकी लावून बसतात, ती आज घाम गाळत होती. भीती जेवढे रस्ते झाडते, तेवढे पगार कधीच झाडत नाही. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या कुंपणावर एक, फक्त एक पान उरलं होतं. मोजणीदाराने टेप काढली. बाईंनी ते पान उचलून पर्समध्ये टाकलं.

मोजणीदार कुंपणाला टेकला. "बाई, मी कुणी साहेब नाही हो. बायको चाललीय माझी." आणि त्याने सगळं सांगितलं.

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"कुणी विचारलं?"

बाईंनी चाळीस वर्षं वर्ग हाकला होता. गल्ली हाकायला कितीसा वेळ? अर्ध्या तासात मोजणीदाराच्या अंगणात अकरा पोती रिकामी झाली. गुडघाभर पानगळ.

आवाज ऐकून बायको बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सुरू झाली. अंगण म्हणजे उकिरडा वाटला का, झाडणार कोण, तुमचे बाप का. शिंपी चाचरत म्हणाला, "वहिनी, साहेबांसाठी आणलं."

"कसला साहेब? या माणसाला घरात साधी खुंटी सरळ ठोकता येत नाही."

मास्तरीणबाई फिसकन हसल्या, म्हणाल्या, आमचे हेही तसलेच होते. बायकोनेही आणखी दोन किस्से काढले. भांडण कधी संपलं आणि दोघी पायरीवर कधी टेकल्या, कळलंच नाही. महिन्यात पहिल्यांदा बायको पोटभर बोलत होती. मोजणीदार फोटो काढायचाच विसरला.

"बघत काय उभे?" ती त्याच्यावर खेकसली. "माणसं आलीत घरी. कात्री आणा, कपांचं खोकं उघडा. चिठ्ठ्या तुम्हीच लावल्यात ना?"

लावल्या होत्याच. मोजणीदार आत जाऊन खोक्यांपुढे उभा राहिला. एकावर लिहिलं होतं 'दीड फूट बाय एक'. दुसऱ्यावर 'दोन फूट बाय सव्वा'. आत काय आहे, ते एकावरही नव्हतं.

कप शेवटच्या खोक्यात निघाले. तोवर घरात बांधलेलं असं एकही खोकं उरलं नव्हतं.