न झालेल्या आक्रमणात मोडलेला पाय

आलेल्या संकटाचा पुरावा देणे सोपे असते. टळलेल्या संकटाचा पुरावा देणे मात्र फार अवघड. पूर आला तर भिंतीवर ओल दिसते. पूर आला नाही तर भिंत नुसती भिंतच दिसते आणि तो येऊ नये म्हणून ज्यांनी हाडाची काडे केली, त्यांच्याकडे लोक 'हे इथे काय करत बसलेत' अशा नजरेने पाहतात. जगातील सर्व शासनसंस्था आणि सर्व सासवा यांना ही अडचण ठाऊक आहे. (पैकी सासवांनी त्यावर तोडगा काढला आहे. टाळलेल्या संकटांची त्या रोज आठवण करून देतात.)

चित्रपटसृष्टीने मात्र हे अवघड काम हसत हसत अंगावर घेतलेले आहे. पृथ्वी वाचवण्याच्या कामात आजवर जितके नट गुंतले, तितके शास्त्रज्ञ गुंतले असते तर पृथ्वी कदाचित वाचलीही असती.

ज्या चित्रपटाची ही हकिगत आहे, त्याची कथा अगदी सरळ होती. एका मंगळवारी परग्रहवासी पृथ्वीवर उतरतात. कारण असे की, एका चष्म्याच्या दुकानावरची दिव्याची पाटी बिघडून लुकलुकत असते आणि त्यांच्या भाषेत त्या लुकलुकण्याचा अर्थ 'या, जेवून जा' असा होतो. ते येतात आणि जेवतात. माणसे संपत येतात. शेवटी उरलेला नायक कपडे धुण्याच्या यंत्रात काही फेरफार करून काळात मागे, म्हणजे सोमवारी जातो, दुकानापाशी येऊन पाटीचे बटण बंद करतो आणि घरी जाऊन झोपतो. मंगळवारी कोणीही येत नाही. पृथ्वी वाचते.

या चित्रपटात एक माणूस चौथ्या मजल्यावरून पडला. ही हकिगत त्याची.

त्याला सगळे पडेल म्हणत. हा चेहऱ्यावरचा शेरा नव्हे. चेहरा त्याचा चांगला हसरा होता. फार वर्षांपूर्वी एका चित्रीकरणात 'इतक्या उंचावरून कोण पडेल?' असे विचारल्यावर कोणीतरी याच्याकडे बोट दाखवून 'हा पडेल' म्हणाले होते, आणि तेव्हापासून तो पडतच होता. जिन्यावरून, घोड्यावरून, चालत्या ट्रकवरून, एकदा तर स्वतःवरूनच. (ते जुळ्या भावांचे कथानक होते.) पडणे नेहमी दुसऱ्याच्या कपड्यांत आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून असायचे. त्यामुळे मोठमोठ्या नायकांचे शौर्य म्हणून जे लोकांना ठाऊक आहे, त्यातले बरेचसे वस्तुतः पडेलची पाठ आहे.

घरी तो, त्याची बायको आणि आई. बायको शाळेची व्हॅन चालवायची आणि घरातल्या माणसांशीही मागच्या सीटवरच्या पोरांशी बोलावे तशी बोलायची. आई रुग्णालयातून आया म्हणून निवृत्त झाली होती. मुलगा सिनेमात आहे हे तिने ऐकून घेतले होते, पण मानलेले नव्हते. पडद्यावर कोणी कोसळले की पडेल उत्साहाने सांगायचा, 'आई, हा मी.' आई डोळे बारीक करून पाहायची आणि म्हणायची, पाठ काय, सगळ्यांची अशीच असते.

या चित्रपटात पहिल्यांदा त्याला चेहरा मिळाला. परग्रहवासी इमारतीत घुसतात तेव्हा चौथ्या मजल्यावरचा एक शिंपी त्यांतल्या एकाला कवटाळतो आणि त्याला घेऊन खिडकीबाहेर उडी मारतो. हा शिंपी पडेल होता. कॅमेरा समोरून येणार होता. वाक्यही होते: 'खाली उभे आहात ते बाजूला व्हा!' पडेल ते वाक्य घरभर म्हणत फिरायचा. शेवटी बायकोने सांगितले, की आता खालचे सगळे बाजूला झाले, तू जेवायला बस.

चित्रीकरणाच्या दिवशी खाली रचलेली खोकी आणि गाद्या थोड्या सरकवण्यात आल्या होत्या, कारण नायकाच्या गाडीला सावली हवी होती. थोड्या म्हणजे गाडीच्या रुंदीएवढ्या. पडेलने परग्रहवाशाला कवटाळले, वाक्य स्वच्छ म्हटले आणि उडी मारली. परग्रहवासी झालेला त्याचा मित्र पडेलवर पडल्यामुळे सुखरूप राहिला. पडेलचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. दिग्दर्शक धावत आला, कॅमेऱ्याला काही झाले नाही ना हे त्याने पाहिले, आणि मग पडेलजवळ बसून डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, की फार खरे वाटले.

रुग्णालयात पडेल आनंदात होता. पाय काय, जुळेल. पण आई बघेल तेव्हा तिला पाठ दिसणार नाही, तोंड दिसेल.

यथावकाश चित्रपट तपासणी मंडळापुढे गेला. मंडळावर एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष होते. शिवाय एक दंतवैद्य, एक मुख्याध्यापिका आणि एक गृहस्थ, जे कोणाच्या वतीने आले आहेत हे विचारण्याचे सर्वांनी संकोचाने टाळले होते. चित्रपट संपून दिवे लागल्यावर अध्यक्षांनी निर्मात्याला विचारले, की हे जे आक्रमण दाखवले, ते झाले का?

निर्माता म्हणाला, साहेब, नाही झाले. नायकाने टाळले ना.

"म्हणजे झालं नाही."

"नाही झालं."

"मग दाखवलं कशाला?" अध्यक्ष म्हणाले.

या प्रश्नावर निर्मात्याने जे काही सांगितले त्यात 'प्रेक्षक' हा शब्द पुष्कळदा आला, पण उत्तर आले नाही. मंडळाने विचारविनिमय केला. जे घडलेच नाही ते घडल्यासारखे दाखवणे ही जनतेची दिशाभूल आहे. शिवाय त्यामुळे घबराट पसरते, आणि तीही नसलेल्या कारणासाठी, म्हणजे वाया जाते. सबब, चित्रपटातून न घडलेला भाग वगळावा आणि घडलेला भाग ठेवावा, असा आदेश झाला.

घडलेला भाग असा होता: नायक उठतो. दात घासतो. (दंतवैद्यांच्या सूचनेवरून हे दृश्य वाढवण्यात आले.) जिना उतरतो. दुकानापाशी जाऊन बटण बंद करतो. जिना चढतो. झोपतो.

निर्माता आधी धाय मोकलून रडला. मग त्याच्या लक्षात आले, की चित्रपटात आता हिंसाचार औषधालाही नाही, आणि असा चित्रपट शाळांतून सक्तीने दाखवता येतो. त्याने डोळे पुसले, जिना उतरण्याची गती कमी केली, चढण्याची त्याहून कमी केली आणि पुरेशा लांबीचा चित्रपट तयार केला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. एकाने लिहिले, की नायकाच्या प्रत्येक पायरीत एक न झालेले युद्ध दिसते. नायकाला साहसदृश्यांसाठीचे पारितोषिक मिळाले. (तो मुळात जिना उतरलेला नव्हता, लिफ्टने खाली आला होता. पण त्याची पाठ करायला माणूस हवाच होता, आणि पडेल रुग्णालयात असल्यामुळे ते काम दुसऱ्याच कोणाला तरी मिळाले.)

आपले दृश्य गेल्याचे पडेलला त्याआधीच, रुग्णालयात असताना कळले, आणि तेही आडवळणाने. एके सकाळी हाडांचे डॉक्टर खाटेशी आले आणि जरा अवघडून म्हणाले, की चित्रपट कंपनीकडून फोन होता. चौथा मजला म्हणून जे कारण लिहिले आहे, ते दृश्य रद्द झाल्यामुळे दुरुस्त करावे लागेल. दुसरे काही सुचते का? डॉक्टरांनीच बरेच पर्याय पुढे ठेवून शेवटी 'न्हाणीघरात घसरला' हे पसंत केले. मात्र न्हाणीघरात घसरलेल्या माणसाला मांडीपर्यंत प्लास्टर हे शास्त्राला धरून होत नसल्याने, त्यांनी ते गुडघ्याखाली कापून दिले.

बायकोने हे ऐकले, व्हॅन मंडळाच्या दारात लावली आणि पडेलला आधार देत तीन मजले चढवले. (लिफ्टवर 'चालू आहे' अशी पाटी होती. लिफ्ट बंद होती.)

अध्यक्ष वागायला अतिशय सौजन्यशील. त्यांनी पडेलला खुर्ची दिली, पायाला वेगळी खुर्ची दिली, आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. पडेलचे म्हणणे थोडक्यात असे होते: बाकी सगळे कापा. परग्रहवासी कापा, मोडलेल्या इमारती कापा. फक्त माझे तोंड येते तेवढे राहू द्या. आई सत्तरीच्या पुढे गेली आहे.

"मलाही आई होती," अध्यक्ष म्हणाले. "पण तुम्ही पडलात हे मान्य केलं, तर आक्रमण झालं हे मान्य करावं लागतं. आक्रमण झालं म्हणजे नायक हरला. आणि नायक हरला असेल, तर आत्ता बाहेर परग्रहवासी असायला हवेत. जरा खिडकीतून बघता?"

पडेलने मान वळवून पाहिले. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती. खाली एक माणूस दुसऱ्याच्या जागेत स्कूटर लावत होता.

"दिसतात का?"

"नाही, साहेब."

"मग?" अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले. "एक तर तुमचा पाय शाबूत आहे, नाहीतर पृथ्वी गेलेली आहे. मंडळाचा कोणताच आग्रह नाही. तुम्ही सांगाल ते धरू."

पडेल विचारात पडला. (आयुष्यातले त्याचे हे एकच पडणे विनाइजा झाले.) त्याच्या मनात आले, की आपण एकटे, आपल्याला एक पाय, पृथ्वीवर माणसे पुष्कळ, आणि त्यांच्यात आईही आहे. तेवढ्यात बायको बोलली.

"साहेब, पाय शाबूत आहे ना, मग रोज सकाळी मी ज्याला उचलून न्हाणीघरात नेते, तो कोण आहे?"

अध्यक्षांशेजारी बसलेल्या दंतवैद्यांनी पंख्याकडे पाहिले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, की प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु न्हाणीघर मंडळाच्या कक्षेत येत नाही.

पडेलने पृथ्वी निवडली. त्याबद्दल मंडळाने उभे राहून त्याचे अभिनंदन केले, आणि तोही भिडेखातर उभा राहायला गेला.

आईलाही पाय न्हाणीघरात मोडला असेच सांगण्यात आले. चित्रपट लागल्यावर तिने हट्ट धरला, की मला बघायचा आहे. पडेलने टाळाटाळ करून पाहिली, पण बायकोने दोघांना व्हॅनमध्ये घालून चित्रपटगृहाच्या दारात सोडले. चित्रपटगृह भरलेले होते. आई पुढे झुकून, पदराने चष्मा पुसत बघत होती. नायक दात घासत होता. नायक जिना उतरत होता. अर्ध्या जिन्यावर तिने विचारले, "यात तू कुठे आहेस?"

"मी पडलो होतो, आई."

"कधी?"

"आता पडलोच नाही."

पडद्यावर नायकाने बटण बंद केले. सगळे चित्रपटगृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ तर स्वतःच्या बायकोच्या खांद्यावर डोके ठेवून रडला, इतका त्याला सुटका झाल्याचा आनंद झाला होता. त्या सगळ्या गजरात बसून राहिलेली माणसे दोनच. पडेलला उठता येत नव्हते म्हणून तो, आणि आई.

आईने वाकून त्याच्या प्लास्टरवर हात ठेवला. आयुष्यभर रुग्णालयात काढलेला हात होता तो. तिने वरून खाली चाचपून पाहिले.

"हे न्हाणीघरातलं नाही," ती म्हणाली. "हे उंचावरून आहे."

पडेल पडद्याकडेच बघत राहिला. पृथ्वीचा प्रश्न होता.

"इतकी वर्षं तुझी पाठ बघून माझा विश्वास बसला नाही," आई म्हणाली. "आज काहीच दिसलं नाही, तेव्हा बसला. दुखतं का रे?"

मग पडेलला जे रडू आले ते त्याने टाळ्यांमध्ये उरकून घेतले. आजूबाजूच्यांना वाटले, यालाही पाटीच्या बटणाचे भरून आले.

चित्रपट इतका चालला, की दुसरा भाग काढायचे ठरले. या वेळी परग्रहवासी बुधवारी येणार आहेत आणि शिंपी सहाव्या मजल्यावर राहायला गेला आहे. निर्माता स्वतः पडेलच्या घरी येऊन गेला. बायकोने त्याला दारातच उभे केले आणि तिला जे बोलायचे होते ते शाळेच्या मुलांना ऐकवता येणार नाही अशा शब्दांत बोलली. पण निर्मात्याने एक नवी गोष्ट सांगितली. मंडळाने धोरण बदलले आहे. दृश्य ठेवायचे की वगळायचे हे आता जनमतावर ठरेल. लोकांना पाहायचे असेल, तर पडेल दिसेल. तोंडासकट.

पडेलने आईकडे पाहिले आणि पाय बरा होताच येतो म्हणाला.

जनमत घेऊन झाले आहे. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी सांगितले, की माणूस उंचावरून पडताना पाहायला आम्हाला आवडेल. त्याच सत्त्याण्णव जणांनी सांगितले, की कोणालाही इजा होता कामा नये. उरलेल्या तिघांनी मध्यंतर केव्हा असते ते विचारले. यावरून निर्णय होईना, तेव्हा अध्यक्षांनी अखेर नवा मार्ग सुचवला: लोकांना तोंडाने विचारण्यात अर्थ नाही, ही हकिगत त्यांच्यापुढे ठेवावी आणि ते काय करतात ते पाहावे.

त्याप्रमाणे ती तुमच्यापुढे ठेवली आहे. सोमवारी सकाळी पडेल सहाव्या मजल्याच्या खिडकीत उभा राहणार आहे. नायकाने या वेळी दोन गाड्या आणायचे ठरवले आहे. हे वाचून 'त्याला खाली उतरवा' असे ज्यांना वाटले असेल, त्यांचे मत विरोधात धरले जाईल. 'मग पुढे काय झालं?' असे ज्यांच्या मनात आले, त्यांचे मत मिळाले आहे. मंडळ आभारी आहे.