एकेचाळीस वेळा कायम

आयुधपूजेच्या दिवशी कीबोर्डला कुणीही बोट न लावता मशीन चालवून दाखवतो, असं मी भर ऑफिसात जाहीर केलं. १९९७ साल. बंगळूरला जे. पी. नगरातली आमची सहाजणांची कंपनी, तीत लिनक्स ही नवी संगणकप्रणाली येणारा मी एकटाच, त्यात पुण्याचा. नम्रपणा आणणार कुठून?

आमचे सर महांतेश बेळगावकडचे. पूजा त्यांच्या आईच्या, म्हणजे अक्कांच्या हाती. त्यांचा नियम एकच: पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. आणि मला तर नोकरीत कायम झाल्याचं पत्र त्याच दिवशी हवं होतं! ते बघितल्याशिवाय नीलिमाचे वडील दसऱ्याला साखरपुडा करायला तयार नव्हते.

"पूजेनंतरचं पहिलं काम शुभ पाहिजे," सर म्हणाले. "तुझं पत्रच छापू या की! पण हात कोण लावणार?"

"कुणीच नाही, सर! अक्का फक्त भिंतीवरचं बटण दाबतील."

लिनक्सचा गाभा, कर्नल, म्हणजे मशीनचा मुकादम. मशीन सुरू होतानाच त्याला बजावून ठेवता येतं की, उठल्या उठल्या बाकी काही न बघता एवढं एक काम कर. मी बजावलं, पत्र छाप. शिवाय दूरदृष्टीनं आणखी एक सूचना दिली: गडबडलास तर दहा सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू हो.

अक्कांनी मॉनिटरला कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली, बटण दाबलं. प्रिंटर करकरला आणि पत्र बाहेर! टाळ्या! तारीख आणि सही तेवढी हातानं करायची होती. सरांनी पेन उघडलं.

इकडे मुकादमाचं एकुलतं काम संपलं. पुढचं मी सांगितलंच नव्हतं. तो गडबडला, दहा सेकंद थांबला आणि पुन्हा उठला. पत्र दुसरं.

"बरं झालं, फाइलला एक," सर म्हणाले.

तिसरं आलं. "हे कुणाला?"

सातव्याला त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"अवधूत, बंद कर की ते!"

मी भिंतीकडे झेपावलो. अक्का आडव्या आल्या. "खबरदार! पूजेतलं बंद करायचं नसतंय!"

तेवढ्यात वीज गेली. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. दिवे गेले, पंखे थांबले, पत्र मात्र आलं! मशीन आणि प्रिंटर यूपीएसवर होते. तो यूपीएस मीच भांडून घ्यायला लावला होता.

दीड तासानं कागद संपला.

"एकेचाळीस वेळा कायम झालास बघ," सर म्हणाले. "आता सहा महिने थांब."

साखरपुडा पुढे गेला. नीलिमा आठवडाभर बोलली नाही. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. एकेचाळीस पत्रांच्या पाठी सर कच्चे कागद म्हणून वापरू लागले.

सहा महिन्यांनी त्यांनी शब्द पाळला. गठ्ठ्यातलंच एक पत्र ओढलं, तारीख घातली, सही केली. मी धावत जाऊन ते नीलिमाच्या वडिलांच्या हातात ठेवलं. ते ऑडिटर. कुठलाही कागद उलटून बघितल्याशिवाय खाली ठेवत नाहीत!

मागे सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'अवधूतला कुठल्याही मशीनला हात लावू देऊ नये.'

लग्न झालं म्हणा. पण मिक्सरचं बटण आमच्याकडे आजही नीलिमाच दाबते.