आप्पासोंचे चार पंखे

हिंगणमाळच्या समाजमंदिरात त्या दिवशी परीक्षा होती अकरा बायकांची आणि घाम फुटला होता नाथाजी मेजरना.

नाथाजी सूर्यवंशी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते; पण येरळेच्या काठी फौजेतून परतलेल्या माणसाला मेजरपेक्षा खालचा हुद्दा देत नाहीत. गावी आल्यावर मेजरनी सेवा मंडळ काढलं. मंडळाने पहिल्या वर्षी श्रमदान करून गटार खणलं. दुसऱ्या वर्षी वृक्षारोपण केलं; खड्डा तयारच होता, म्हणून झाडं गटारात लावली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णव साली, साक्षरता अभियान आलं तेव्हा मंडळ मोकळंच होतं.

आधी सर्वेक्षण झालं. मेजरनी घरोघर जाऊन "वाचाय येतं का?" असं विचारलं. सगळे पुरुष "व्हय" म्हणाले. अकरा बायका "न्हाई" म्हणाल्या. अशा रीतीने गावातली सगळी निरक्षरता अकरा बायकांवर आली. मेजरांच्या बारावी झालेल्या सुनेने, संयोगिताने, रोज दुपारी दोन ते चार समाजमंदिरात वर्ग घेतला. वर्षभर घेतला आणि फुकट घेतला.

आता सांगलीहून एक साहेब येऊन परीक्षा घेणार होते. अकराच्या अकरा पास झाल्या, की हिंगणमाळ 'पूर्ण साक्षर गाव' होणार होतं. शेजारची वाघदरी सहा महिन्यांपूर्वीच झाली होती. तेव्हापासून वाघदरीची माणसं एसटीच्या थांब्यावर मेजरना गाठून विचारत, "मेजर, ही गाडी कुठली वो? पाटी वाचून सांगा की." मेजरनी चौदा वर्षं सरहद्दीवर काढली होती, पण असला मारा तिकडेही झाला नव्हता. म्हणून त्यांनी 'पूर्ण साक्षर गाव हिंगणमाळ' असा बोर्ड आधीच रंगवून वेशीत रोवला होता आणि त्यावर फौजेतलं कांबळं टाकून ठेवलं होतं. पेपर तपासून झाले, की कांबळं काढायचं.

साहेब आले. प्राध्यापक अनंत बेडेकर, सांगलीच्या कॉलेजात शिकवत. दारातच त्यांच्या हातातले कागद उडाले, कारण आत चार पंखे पाचावर फिरत होते.

"सकाळीच बसीवल्यात," पुढच्या खुर्चीवरून आप्पासो म्हणाले. आप्पासो माजी सरपंच. समाजमंदिरात येणारं वर्तमानपत्र रोज सकाळी आधी त्यांच्या हातात जाई. तासभर ते धरून बसत, मग शेजारच्याला देऊन म्हणत, "चष्मा घरी ऱ्हायला गड्या. तूच सांग, काय म्हनतोय पेपर?" त्यांचा मुलगा लालासाहेब सेलमला सोनं गाळण्याच्या धंद्यात होता. हे पंखे त्याने धाडलेले. "पात्यांवर नावं घातल्यात. विट्याच्या पेंटरकडनं मी सवता जाऊन आनलं. अक्षर न् अक्षर तपासून."

"वा," साहेब म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

परीक्षा अंबूबाईंपासून सुरू झाली. अंबूबाई म्हणजे आप्पासोंच्या चुलतभावाची, कोंडीबाची बायको. कोंडीबा कोइमतुरात असाच गलाईच्या दुकानात होता. एका बांधावरून आप्पासो आणि कोंडीबा सहा वर्षं बोलत नव्हते. साहेबांनी पुस्तक उघडून दिलं. अंबूबाईंनी ते खणखणीत वाचायला घेतलं. साहेबांनी हळूच पुस्तक मिटलं. अंबूबाई वाचतच राहिल्या.

"बाई, पुस्तक पाठ आहे यांना," साहेब संयोगिताला म्हणाले.

"वरीस झालं की सर," संयोगिता म्हणाली. "एकच पुस्तक आलं हुतं."

"मग पुस्तक नको." साहेबांनी हॉलवर नजर फिरवली. हॉलमधली प्रत्येक वस्तू कुणी ना कुणी दिलेली होती आणि दिल्याचं तिच्यावर ठळक लिहिलेलं होतं. साहेबांना बरं वाटलं. "इथलंच वाचा. तुम्ही, काय नाव तुमचं? गोदावरीबाई. त्या कपाटावर काय लिहिलंय?"

गोदावरीने कपाटाकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि ती गप्प बसली.

"येत नाही?"

"येतंय की."

"मग वाचा."

"आता कसं वाचू?" गोदावरी म्हणाली आणि बाकीच्या दहा जणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

साहेबांनी कागदावर शून्य काढलं. संयोगिता पुढे आली. "सर, त्ये कपाट नानासोंनी दिलंय. तिच्या मालकांनी. नाव कसं घील ती?"

"असं होय. मग घड्याळ वाचा."

"सासऱ्यांनी दिलंय."

"पाण्याचं पिंप?"

"थोरलं दीर."

"तुमचा नातेवाईक नसलेली एखादी वस्तू आहे का या हॉलात?"

गोदावरीने विचार केला. "फळा हाय."

"वाचा मग फळ्यावरचं."

फळ्याच्या माथ्यावर 'हवालदार नाथाजी सूर्यवंशी यांजकडून' असं लिहिलेलं होतं. "ह्ये तर चुलत सासरं निघालं," गोदावरी म्हणाली. "बाईंनी शिकवताना त्यावर फडकं टाकल्यालं आसतं." साहेबांनी बाईंकडे पाहिलं. संयोगिताने पदर कपाळाखाली ओढला होता. वर्षभर तिने सासऱ्यांच्या नावाखाली उभं राहून बाराखडी शिकवली होती, पण ते नाव कुणाला दाखवलं नव्हतं.

पुढच्या अर्ध्या तासात साहेबांच्या कागदावर सात शून्यं झाली. हिंगणमाळ सगळं एका भावकीचं. तिथे एखाद्या पुरुषाने सतरंजी दान केली, की ती एकीचा नवरा, दोघींचा सासरा आणि तिघींचा थोरला दीर होऊन जमिनीवर पसरे.

मेजरना वेशीतलं कांबळं दिसायला लागलं. ते उठले. "सर, पाच मिंट द्या. फॉर्मेशन बदलतो." आणि त्यांनी बायकांना कवायतीला उभं केलं. "गोदावरी, तू सतरंजीफुडं. सतरंजी तुझ्या धाकट्या दिराची, चालतंय तुला. सतरंजीची बायकू घड्याळाफुडं."

"घड्याळ माझंबी सासरं हायती, मेजर."

"मग पिंपाफुडं."

"पिंपाफुडं मी हाय की," दुसरी म्हणाली. "आन मी न्हाई हालनार. हितंच एक जमतंय मला."

दहा मिनिटांनी तिघी जागेवर लागल्या. आठ उरल्या. त्यातल्या दोघींच्या डोळ्यांतून हसून पाणी येत होतं. मेजरांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण हसल्याचं नव्हतं. "सर, ह्यास्नी येतंय वो सगळं," ते म्हणाले. "वरीसभर सून राबलीया. नुसतं नावापायी घालवू नका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मेजर, एक सांगा. मघाशी गोदावरीबाईंनी पदर कधी ओढला?"

"कपाट दावलं तवा."

"वाचता आलं नसतं, तर ओढला असता?"

मेजरनी फौजी पद्धतीने, म्हणजे मान न हलवता, विचार केला. "न्हाई, सर."

"मग झालं तर."

साहेबांनी सात शून्यं खोडली. त्यानंतर परीक्षा भराभर चालली. संयोगिताने लाकडी पट्टी घेऊन एकेक वस्तू दाखवायची आणि साहेबांनी पदराकडे बघून खूण करायची. पितळी समईला गोदावरीच्या जावेचा पदर हलला. माइकला एकीचा कपाळापर्यंत आला, एकीचा हनुवटीपर्यंत. "पहिलीचा दीर, दुसरीचा सासरा," संयोगिताने खुलासा केला. साहेबांनी दोघींपुढे 'वाचन उत्तम' लिहिलं. ज्यांना नाव घ्यायला चालत होतं त्यांनी ते मोठ्याने वाचलं; अंबूबाईंनी तर तांब्याभांड्याच्या बुडाचंसुद्धा वाचून दाखवलं. दारात गर्दी करून उभे असलेले पुरुष टाळ्या वाजवायला लागले. दहा जणी पास झाल्या. मेजरनी एकाला कांबळ्यापाशी उभं राहायला पाठवलं.

उरल्या राहीबाई. आप्पासोंची बायको आणि भावकीतली सगळ्यांत थोरली सून.

"हिला पंखा द्या, सर," आप्पासो खुर्चीवरून म्हणाले. "सकाळधरनं पंख्याला कुनी इचारलंच न्हाई. फिरतोय म्हनून नाव दिसंना झालंय. बंद करा रं जरा."

मेजरनी बटणं बंद केली. पंखे सावकाश थांबत गेले. एप्रिलचा उकाडा आत शिरला. राहीबाईंनी नवऱ्याचं नाव येणार म्हणून आधीच पदराला हात घातला होता.

पातं थांबलं. राहीबाईंनी वर पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी पदर सोडला, पुन्हा एकदा पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "श्री. कोंडीबा दादू सूर्यवंशी. यांजकडून. भैरोबाचरणी अर्पन."

मागच्या रांगेत अंबूबाईंचा पदर हनुवटीपर्यंत आला.

"काय वाचतीस?" आप्पासो उठून उभे राहिले. "आगं, नीट बघून वाच. माझं नाव हाय त्ये."

"तुमचं आसतं तर वाचलं आसतं का मी?" राहीबाई म्हणाल्या.

हा मुद्दा सगळ्यांना पटला. साहेबांनी वर बघून मान डोलावली. बाकीच्या तीन पंख्यांवरही कोंडीबाच होता. मागून अंबूबाईंचा आवाज आला, "आमच्याबी मालकांनी चार पंखं धाडल्यात. देवळासाठनं. विट्याच्याच पेंटरकडं हायती."

"मी सवता तपासून आनल्यात!" आप्पासो म्हणाले. "अक्षर न् अक्षर!"

"मग वाचा की तुमी," राहीबाई म्हणाल्या.

"चष्मा घरी..."

"ह्यो घ्या." राहीबाईंनी कमरेच्या पिशवीतून चष्मा काढला. "आज सकाळी कोनाड्यात दिसला. म्हनलं परीक्षा हाय, आसू दे संगं."

आप्पासोंनी चष्मा घातला. वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पंखा लय उंच हाय," ते म्हणाले.

मेजर फौजेतले. अडचण सांगितली, की तोड काढायची. त्यांनी कपाटामागचं स्टूल आणून पंख्याखाली ठेवलं. "चढा आप्पासो. मी धरतो." आता न चढून भागण्यासारखं नव्हतं. आप्पासो चढले. त्यांनी एका बोटाने पंखा फिरवून तिन्ही पाती नाकाजवळून पाहिली आणि ते खाली उतरले.

"रंग चांगला दिलाय," ते म्हणाले.

साहेबांनी कागद पुढे ओढला. अकरापैकी अकरा उत्तीर्ण, असं लिहिलं. त्याखाली 'गावातील शिल्लक निरक्षर' अशी ओळ होती. मेजर त्या ओळीकडे बघत होते.

"सर्वेक्षणात यांच्यापुढे काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

"साक्षर."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मेजर खोटं बोलत नसत. "त्यांच्याच," ते म्हणाले.

साहेबांनी एकचा आकडा घातला. मग दाराकडे बघून सहज विचारलं, "आणखी कुणाला चढायचंय का स्टुलावर?"

दारातल्या पुरुषांना उसाला पाणी सोडायचं आठवलं. एकाला म्हैस आठवली. अर्ध्या मिनिटात दार मोकळं झालं आणि आत चांगला उजेड आला. साहेबांनी त्या उजेडात मोकळ्या दाराकडे थोडा वेळ पाहिलं आणि आकड्याच्या आधी 'किमान' असा शब्द लिहिला.

बोर्डावरचं कांबळं राहिलं ते राहिलंच. एसटीच्या थांब्यावर वाघदरीचे लोक विचारतात, "मेजर, त्याच्याखाली काय झाकलंय वो?" मेजर म्हणतात, "बोर्डाला थंडी वाजती." मे महिना सुरू आहे.

पेंटरकडचे आप्पासोंचे पंखे कुणीतरी आणून भैरोबाच्या देवळात लावले. समाजमंदिरातले काढून बदलायचे, तर दोन्ही घरांनी एकमेकांशी बोलायला पाहिजे. त्यामुळे देवाला आप्पासोंचं वारं लागतं आणि आप्पासोंना कोंडीबाचं.

मेजरनी नवं सर्वेक्षण केलं, स्टूल बरोबर घेऊन. दुपारी दोन ते चार आता पुरुषांचा वर्ग भरतो. चौदा जण आहेत. तो संयोगिता घेऊ शकत नाही, कारण चौदाच्या चौदा तिचे सासरे किंवा थोरले दीर लागतात आणि तिला हजेरीच घेता येत नाही. गावात फिरून फिरून अशी एकच साक्षर बाई सापडली, जिला बहुतेक सगळी नावं चालतात, कारण ती सगळ्यांची थोरली वहिनी आहे.

राहीबाई पंखा बंद करतात, फळ्यासमोर उभ्या राहतात आणि हजेरीपट उघडतात. तेरा नावं खणखणीत वाचतात. चौदाव्यापाशी थांबतात, पदर पुढे ओढतात.

"हजर," मागच्या रांगेतून आप्पासो म्हणतात.