माणिकप्पाचा राळेचा ब्रेक

उमरग्याच्या माणिकप्पाची सवारीची मोटार धावायची झकास, वांधा फक्त थांबण्याचा होता. ब्रेकचे लायनर झिजून लोखंडावर लोखंड घासत होतं. जर्मनाची लढाई चाललेली, त्यामुळं नवे लायनर सोलापुरातही औषधाला मिळेनात. आणि त्यात परवान्यासाठी इन्स्पेक्टरसाहेब दुसऱ्याच दिवशी मोटार तपासायला येणार होते. घरची बैलजोडी विकून मोटार घेतलेली. परवाना गेला तर माणिकप्पा ना रस्त्याचा राहणार होता, ना शेताचा.

तोडगा काढला महांतप्पा सोनारानं. न विचारता सल्ला देण्यात त्याचा हात सगळ्या तालुक्यात कुणी धरत नसे.

"जुन्या लायनरचा भुगा कर, त्यात राळ अन् लाख कालव, अन् दे थापून ब्रेकच्या पट्टीवर," तो म्हणाला. "पाटलीवर नक्षी ठोकताना म्या ती राळेतच बसवतो. किती बी ठोक, जागची हलत न्हाय!"

"अन् मग काढता कशी?"

"जरासा जाळ दाखवायचा. राळ पाघळती, पाटली आपसूक हातात!"

"पण ब्रेकला जाळ कोण दाखवतंय?"

"तेच तर म्हणतोय म्या!" महांतप्पानं मांडीवर थाप मारली.

दोघेही शहाणे एकमेकांवर खूश झाले, रात्रीतच ब्रेकवर राळ थापली, आणि तिथंच त्यांनी माती खाल्ली.

सकाळी इन्स्पेक्टरसाहेब आले. पांढरीशुभ्र शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी. कचेरीसमोरच्या सपाट रस्त्यावर माणिकप्पानं ब्रेक मारला, तशी मोटार जागच्या जागी उभी राहिली आणि साहेबांची टोपी मांडीवर आली.

"बहोत खूब!" साहेब म्हणाले. "मेरे कू अणदूर जाना है. रास्ते में और देख लेते. वहीं परवाना देतूं."

माणिकप्पानं हात जोडले. अणदूरच्या खंडोबाला निघालेली मंडळी मागं दाटीवाटीनं बसलीच होती. त्यांत पुढच्या बाकावर पार्वतम्मा, मांडीवर भंडाऱ्याची भलीमोठी पिशवी घेऊन.

पुढं मोठा उतार लागला. माणिकप्पानं ब्रेकवर पाय ठेवला, तो दाबूनच धरला. चाकं तापली आणि खालून पांढरा धूर येऊ लागला. देवळात धुपाटण्यावर राळ टाकल्यावर येतो तसाच वास मोटारभर पसरला.

"क्या बास है जी ये?" साहेबांनी नाक वर केलं.

"अगं बया, धुपाचा वास!" पार्वतम्मा ताडकन उठली. "मल्लय्या आला! गाडीत खंडोबा आला!"

"येळकोट येळकोट, जय मल्हार!" सगळी मोटार गरजली. पिशवीतला भंडारा मुठीमुठीनं उधळला गेला आणि साहेब टोपीपासून मोजड्यांपर्यंत पिवळेधमक झाले.

इकडं माणिकप्पाचा पाय ब्रेकसकट पार तळाला गेला होता. जाळ कोण दाखवतंय, ते आता त्याला कळलं. राळ पाघळून निघाली होती.

"बसा, मावशी, बसा! गाडी थांबंना!"

"देवाची गाडी कोण थांबवणार रं?" मावशींनी आणखी एक मूठ उधळली.

समोर बैलगाडी दिसली, तिला कशीबशी चुकवून त्यानं मोटार वावरात घातली, ती सरळ कडब्याच्या गंजीत शिरली आणि थांबली. एकालाही खरचटलं नव्हतं. देवानंच तारलं म्हणून लोकांनी तिथंच शिदोऱ्या सोडल्या. साहेबांनाही कुणीतरी भाकरी दिली. शेरवानी झटकत झटकत त्यांनी ती खाल्ली.

तासाभरानं सगळ्यांनी मिळून मोटार ढकलायला घेतली. ढिम्म हलेना! ब्रेकमधली राळ निवून घट्ट बसली होती. वीस माणसं घामाघूम झाली, पण चाक तसूभर सरकेना.

उतारावर साहेबांच्या डोळ्यांत भंडारा गेलेला अन् कानांत येळकोट, त्यामुळं मोटार ब्रेकनंच थांबली असं ते धरून चालले होते. आता ते डोळे विस्फारून बघत राहिले. "अरे वा! बीस आदमी से भी नै हिलती! ऐसा ब्रेक मैं पूरी रियासत में नै देखा!" त्यांनी तिथंच मांडीवर कागद घेऊन परवान्यावर सही ठोकली.

माणिकप्पानं परवाना छातीशी धरला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

"बस, एक काम," साहेब म्हणाले. "मेरी मोटार कू भी ऐसाच ब्रेक लगा दे. कल बालबच्चों कू लेके तुळजापूर का घाट उतरना है."

गप्प बसलं तर परवाना खिशात होता. पण साहेबांची लेकरं, आणि तो घाट! त्यानं परवाना पुढं केला.

"घ्या, साहेब. ह्यो ब्रेक उतारावर धरत न्हाय. उतार सरल्यावर धरतो." आणि महांतप्पाच्या पाटलीसकट सगळी हकीकत त्यानं सांगून टाकली.

साहेब लालबुंद झाले, पण भंडाऱ्याखाली ते कुणाला दिसलं नाही. मग त्यांनी परवान्यावर आणखी एक ओळ लिहिली आणि तो माणिकप्पाच्या हातात परत दिला.

"मोटारवाले मेरे कू रोज मिलते. सच बोलने वाला आज मिला. नवा लायनर मिले तक मोटार खाली करके गेअर में उतारना. उतार पे सवारी पैदल. समझा?"

"समजलं, साहेब!" माणिकप्पाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

पार्वतम्मा कमरेवर हात ठेवून पुढं आली. "का रं, उतारावर आमी पायीच चालायचं, तर तिकीट कशाचं घेतोस?"

"चढाचं, मावशी," माणिकप्पा म्हणाला.