विलासने सोडलेला मासा

“शुक्रवारी जेवायला या. समुद्रातून थेट ताटात आलेला मासा खायला घालते,” मनोरमाने कावेरीला फोनवर ठणकावलं.

ठणकावणं भागच होतं. मंडळाच्या पंगतीत कावेरी चारचौघींसमोर म्हणाली होती, “मनोरमाच्या कालवणाला फ्रीजरचा वास येतो.” वेंगुर्ल्याच्या लेकीला हे ऐकवायचं! सत्त्याण्णवचा जून, शारजाच्या फ्लॅटमध्ये एसी घरघरत होता, पण मनोरमाचं डोकं काही थंड होईना.

भरवसा होता नवऱ्याच्या गळावर. विलासच्या जबल अली बंदरातल्या कंपनीच्या साहेबाला, नेल्सनला, दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नदीत उभं राहून बास नावाचा मासा धरायची सवय. यंदा सुट्टी हुकली, म्हणून तो खोर फक्कानच्या समुद्रावर हौस भागवत होता. विलास त्याचा शिष्य. गळाला आमिष काय, तर पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी.

“याला मासा फसेल?”

“टेक्निक असतं, मनू.”

शुक्रवारी पहाटेच वाटण वाटून, बर्फाचा डबा घेऊन ती लेक मिहिकासह किनाऱ्यावर हजर. विलासने दोरी मागे भिरकावली आणि पहिल्याच फटक्यात बायकोचा अंबाडा गळाला लागला. तो सोडवेपर्यंत वाळू तव्यासारखी तापली.

मग काठी वाकली. हातभर मासा! मनोरमाने डोळ्यांनीच त्याच्या तुकड्या पाडल्या. साहेबाने टाळ्या वाजवल्या, मिहिकाने फोटो काढला, विलासने माशाच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला पाण्यात ठेवलं.

“अहो, निसटला?”

“सोडला. साहेबांच्यात तशीच पद्धत आहे. धरायचा, सोडायचा.”

“आई, फिश हॅज फीलिंग्ज,” मिहिका म्हणाली.

“आणि माझ्या वाटणाला नाहीत? सोडायचाच होता तर धरलात कशाला? तो काय गणपती आहे, विसर्जन करायला?”

साहेबाला वाटलं, बाई कौतुक करतायत. “ब्यूटिफुल, नो?”

“खलास,” मनोरमा म्हणाली. “यल्ला, चला घरी.”

वाटेत जुम्म्याच्या नमाजासाठी मासळीबाजार बंद. घरी फ्रीजरमध्ये महिन्यापूर्वीची सुरमई दगडासारखी पडलेली. तीच नळाखाली धरून तिने कालवणात लोटली आणि कावेरीच्या तोंडाकडे बघत बसली.

कावेरीने घास घेतला, डोळे मिटले. “ताजा तो ताजाच. बर्फातला असता तर मी वासावरूनच ओळखला असता.”

विलासने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

मनोरमाने त्याच्या ताटात भात वाढला. “तुम्ही गप्प जेवा. नाहीतर तुम्हालाही सोडून देईन.”