बद्रीनाथची विहीर बर्फात

सुनेला मदत करायचं मी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. (मी मदतीला उठलो की आमच्या घरातली मंडळी आधी गॅस बंद करतात.)

सून म्हणजे दीपमाला. नकाशांचं शिक्षण घेतलेली. फर्दापूरकडच्या एका शेतकरी कंपनीला शिवारातल्या विहिरींचा नकाशा इंटरनेटवर पाहिजे होता. तो पसंत पडला तर तिला गारखेड्यात घरबसल्या कायमचं काम. नाय पडला तर पुण्याची नोकरी तयारच होती. मग ती, माझा शिवराज आणि नात सायली, सगळेच पुण्याला. सायली गेल्यावर मी खोड्या कुणाच्या काढायच्या? माझी बायको वच्छलाबाई तर इतकी सावध झालीय, की मी दिलेला चहा आधी मांजराला दाखवते.

म्हणून विहिरींच्या जागा मोजायला मी स्वतः गेलो. विहिरीच्या काठावर उभं राहायचं, मोबाइलवर दोन आकडे दिसतात ते दीपमालाला फोनवर सांगायचे, तिनं घरी टाईप करायचे. सातवी पास माणसाला यात अवघड ते काय?

कंपनीचा अध्यक्ष बद्रीनाथ. हा माझा साडू. याच्या लग्नात मी याच्या बुटात श्रीखंड भरलं होतं आणि ते तो अजून विसरलेला नाय. चार वाजता गावात पडदा लावून सगळ्या सभासदांसमोर तो नकाशा उघडणार होता.

जेवणं झाल्यावर दीपमालानं नकाशाचा सर्व्हर सुरू केला. सर्व्हर म्हणजे, मला कळलं तसं, पंगतीतला वाढपी. कुणी नकाशा मागितला की यानं वाढायचा. हा प्रोग्राम जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलाय, कुणीही फुकट वापरावा. पण आमचा वाढपी जागचा हलेना.

"पोर्ट अडलाय," दीपमाला म्हणाली. "त्या जागेवर आधीच दुसरा प्रोग्राम बसलाय."

"रुमाल टाकला असंल त्यानं. उठव त्याला."

ती हसली नाय. तिनं वाढप्याला दुसरी जागा दिली आणि पडद्यावर नकाशा आला. रस्ते आले, डोंगर आले, नदी आली. विहिरी नाय आल्या.

"नसंल जमत तर राहू दे पोरी," वच्छलाबाई दारातून मायेनं म्हणाली. "जिवाला लावून घेऊ नको."

दीपमालानं नकाशा लहान लहान करत नेला. जिल्हा बारीक झाला, महाराष्ट्र बारीक झाला, देश बारीक झाला. मग पार वर, नॉर्वेच्याही पलीकडं, बर्फाच्या समुद्रात लाल टिपक्यांचा पुंजका दिसला. त्या आमच्या विहिरी.

बद्रीनाथची विहीर बर्फात बघून मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. मग दीपमालाच्या तोंडाकडं बघितलं आणि गुदगुल्या जागच्या जागी थांबल्या. तिनं सेटिंग तपासली, वाढपी बंद केला, परत सुरू केला. विहिरी बर्फातच. इतक्यात माझा फोन वाजला.

"काय साडूभाऊ," बद्रीनाथ म्हणाला, "झाला का नकाशा?"

"झालाय. जरा थंड व्हायला ठेवलाय."

"मंडळी जमलीत इथं. तमाशा करू नका म्हंजे झालं."

मी फोन ठेवला. दीपमाला माझ्याकडं वळली.

"मामा, पहिला आकडा तुम्ही कुठला सांगत होता?"

"पूर्वेचा."

"पण मोबाइलवर उत्तरेचा आधी असतो."

"असू दे. मोबाइलला काय कळतंय? खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तेव्हा आधी पूर्व. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस तमक्याचं, मग दक्षिण, अन् उत्तर सगळ्यात शेवटी. भावकीच्या भांडणात इतकी खतं वाचलीत मी, की उत्तर आधी म्हणायला जीभच वळत नाय."

दीपमालानं डोळे मिटून घेतले. (सासऱ्यावर हात उठू नये म्हणून सुना असं करतात.)

"मी पहिला आकडा उत्तरेचा धरला, मामा. आपण उत्तरेला विसाच्या आसपास आहोत, पूर्वेला पंच्याहत्तर. उत्तरेला पंच्याहत्तर म्हणजे बर्फच."

तिनं खटाखट दोन्ही रकाने अदलाबदल केले आणि नकाशा पुन्हा मागवला. विहिरी होत्या तिथंच, बर्फात.

"आता काय रुसलाय?" मी विचारलं.

"जुनं चित्र साठवून ठेवलंय त्यानं. तेच परत देतोय."

"म्हंजे शिळं वाढतोय?"

"व्हय."

शिळं फेकायला तिला फार वेळ लागला नाय, पण मला तो युगासारखा वाटला. भिंतीवरचं घड्याळ चारला टेकलं होतं. मी मनात देवाला बोललो, पोरं इथंच राहू दे, यापुढं कुणाच्या बुटात काही भरणार नाय. (दिवाळीपर्यंत तरी.)

फोन वाजला. मी उचलला.

"दिसली," बद्रीनाथ म्हणाला. "माझी विहीर आधी बर्फात होती, आता बराब्बर चिंचेखाली. सूनबाईला सांगा, काम तिचंच. अन् पुढची मोजणी तुम्ही करायची नाय, असा ठराव झालाय इथं."

ठराव गेला खड्ड्यात. पोरं राहिली होती. मी सायलीला उचलून घेतलं आणि नाचतच आतल्या खोलीत गेलो. वच्छलाबाई पलंगावर बसली होती. पुढ्यात उघडी बॅग, बॅगेत साड्यांच्या घड्या.

"कुठं निघालीस?"

"आता कुठली निघते," ती म्हणाली. "पोरांसंगं पुण्याला जाणार होते. शिवराजनं माझी खोली धरूनच घर बघितलं होतं."

"अन् मी?"

"तुम्हाला एका बाईकडं डबा सांगितला होता की. बिनतिखटाचा." तिनं एक साडी काढून कपाटात ठेवली. "त्या बाईला आता नको म्हणून कळवायला पाहिजे."

"मग कळव की."

"कळवते. एवढी काय घाई," ती म्हणाली, आणि बाकीच्या साड्या तशाच ठेवून तिनं बॅगेची चेन लावली.