ओल वरूनच येते!

ओल नेमकी कुठून येते, हे मला भिंतीकडे नुसतं बघून कळतं. लोक उगाच गवंडी बोलावतात, भिंती ठोकून बघतात. मी खुर्चीतून न उठता सांगतो! त्यामुळे आमच्या आतल्या खोलीत, कपाटामागे, बशीएवढा काळपट डाग दिसला तेव्हा मी क्षणभरही विचार केला नाही.

"वरच्यांचं बाथरूम गळतंय," मी जाहीर केलं.

"डाग तर खाली आहे, फरशीजवळ," बायको म्हणाली. "छत कोरडं आहे की!"

"पाणी आहे ते. खालीच जाणार!"

यावर ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी दरवेळी विसरतो.

एरवी एका डागासाठी मी पेटलो नसतो. पण त्या खोलीत आमची नात येणार होती. पहिलीच नात! आणि लेकीने फोनवर स्पष्ट बजावलं होतं, "बाबा, बाळाची छाती नाजूक आहे. डॉक्टर म्हणालेत, ओल असलेल्या खोलीत ठेवायचं नाही. भिंत कोरडी झाली की कळवा, मग येते." नातीचा मी अजून फक्त फोटो पाहिला होता. दिवसातून किती वेळा पाहिला होता, ते विचारू नका.

खोली मी आधीच सज्ज केली होती. थंडीचे दिवस, बाळाला वारा लागू नये म्हणून सगळ्या खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी लावली, बाथरूमच्या झरोक्यात पुठ्ठा ठोकला. मुंगीलाही आत यायचं तर बेल वाजवावी लागली असती! आता अडसर होता तो फक्त वरच्यांचा.

वर राहतात एक निवृत्त घड्याळजी आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी. मी आरशासमोर तालीम करून, बाह्या सरसावून वर गेलो. म्हटलं, "तुमच्या बाथरूममुळे माझी नात अडकलीय!"

"अरेरे! उद्याच फोडतो," घड्याळजी म्हणाले.

झालं! भांडणाची सगळी तयारी फुकट. माणसाने निदान "पुरावा काय?" एवढं तरी विचारावं!

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, घण चालला. आणि संध्याकाळी खांद्यावर टॉवेल टाकून घड्याळजी आमच्या दारात उभे.

"बाथरूम फोडलंय. आंघोळ तुमच्याकडे केली तर चालेल?"

नाही कसं म्हणणार? आयुष्यभर लोकांची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस, पण गरम पाण्याखाली उभा राहिला की त्याला काळवेळाचं भान राहायचं नाही! तो बाहेर आला की पाठोपाठ वाफेचा लोट यायचा आणि आम्हाला एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. मग वहिनी जायच्या. मग दोघांचे धुतलेले कपडे, आमच्या कपड्यांना सोबत म्हणून, आतल्या खोलीत वाळत पडायचे.

इकडे डाग बशीएवढ्याचा परातीएवढा झाला. मी घड्याळजींना हाताला धरून दाखवला. "बघा! अजून गळतंय!"

"पण आम्ही वर थेंबभर पाणी वापरत नाही हो. आणि गवंडी म्हणतो, फोडलेल्या फरशीखाली सगळं खडखडीत कोरडं आहे."

"मुरलेलं असेल! यायला वेळ लागतो. स्वयंपाकघराचा ओटापण बघायला हवा."

"तोही फोडू मग," घड्याळजी म्हणाले. "बाळासाठी करायचं, त्यात काय!"

गवंडी घण घेऊन ओट्याकडे निघाला, त्याच सकाळी वहिनी आंघोळ आटोपून कपडे वाळत घालायला आतल्या खोलीत आल्या आणि चष्मा पुसत थांबल्या.

"भावजी, तुमच्या घरात आलं की माझा चष्मा धुरकटतो. वर कधीच नाही होत." त्यांनी खिडकीच्या काचेवरून बोट फिरवलं. पाणी ओघळलं. "हे तर आतून आहे!"

त्यांनी कपाटामागे हात घातला. ओला झाला. मग चिकटपट्टीकडे बघितलं, वाळणाऱ्या कपड्यांकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.

"वाफेला बाहेर जायला वाटच ठेवली नाहीत तुम्ही. जाणार कुठे बिचारी? बसली गार भिंतीवर!"

बायको दारातच उभी होती. ती अजूनही गप्पच होती, पण हे गप्प बसणं वेगळं होतं!

"म्हणजे ओटा फोडायचा नाही ना?" घड्याळजींनी शांतपणे विचारलं.

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "असू द्या हो, बाथरूमची फरशी जुनीच झाली होती," ते म्हणाले. ती त्यांनी गेल्याच वर्षी हौसेने बसवली होती. मला खरंच फार वाईट वाटलं.

मग मी झटलो! पट्ट्या ओरबाडल्या, पुठ्ठा काढला, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, कपडे गॅलरीत नेले, बुरशी खरवडून पुसली. डाग फिकट व्हायला लागला. लागला म्हणजे, मला तसा दिसला. मी लगेच फोन केला, "ये! भिंत ठणठणीत!"

लेक आली. बाळाला कडेवर घेऊनच आतल्या खोलीत गेली, भिंतीवर तळवा ठेवला. रंगाचा एक पापुद्रा तिच्या हातात आला.

"बाबा!"

"वाळेल गं... हळूहळू."

"भिंत वाळेपर्यंत आमच्याकडे चल," बाळाला बघायला खाली आलेल्या वहिनी तिला म्हणाल्या. "आमच्या निजायच्या खोलीला ओल कशी ती माहीत नाही." आणि पाळणासुद्धा वर गेला!

संध्याकाळी मी केस विंचरून, घडीचा सदरा घालून नातीला भेटायला वर गेलो. दार घड्याळजींनी उघडलं. ओठांवर बोट होतं.

"शूऽ! आत्ताच माझ्या मांडीवर झोपली, पाळण्यात ठेवलीय. जरा वेळाने या," ते कुजबुजले. "आणि खाली जाताच आहात, तर गिझर लावून ठेवाल का?"